हलकी लाल

कळंब्यात केरबा वरुटेचं घर विचारलंत तर दोन-चार जण डोकं खाजवतील. पण झाकणवाल्या केरबाचं घर म्हणा, पानपट्टीवाला हातातलं पान टाकून तळ्याच्या अंगाला बोट दाखवेल. हे नाव कुणी चिडवायला ठेवलेलं नाही. माणूस एकतीस वर्षं दूध संघाच्या डॉकवर, गाड्यांतून दूध उतरतं त्या कट्ट्यावर, उभा राहून कॅनची झाकणं हुंगत होता, आणि त्या कामाला याहून सोपं नाव कुणाला सुचलं नाही, एवढंच.

काम ऐकायला गमतीचं वाटतं, करायला नव्हतं. पहाटे साडेचारपासून गाड्या लागायच्या. गावोगावच्या संस्थांचं दूध चाळीस-चाळीस लिटरच्या कॅनमधून यायचं. कॅन डॉकवर टेकला की केरबा झाकण उचलायचा, उलटं करायचा, नाकाशी न्यायचा आणि एकच शब्द बोलायचा. "ओत" म्हटलं की दूध टाकीत आणि "बाजूला" म्हटलं की कॅन भिंतीकडं. दुधाला नाक लावून उपयोग नाही, झाकणाला लावायचं, हे त्याचं पहिलं सूत्र. दूध गावातून निघाल्यापासून त्याचा वास वाफेबरोबर वर चढतो आणि झाकणाच्या आतल्या अंगाला जाऊन बसतो. तो पहिल्या श्वासात पकडायचा. दुसरा श्वास घेतला की नाक विचार करायला लागतं, आणि विचार करणारं नाक काही कामाचं नाही, असं तो नव्या पोरांना बजावायचा.

उसाचं वाडं खाल्लेल्या म्हशीचं दूध त्याला कळायचं. चुलीजवळ ठेवलेलं, राखेनं न घासलेल्या कॅनमधलं, कालचं शिळं आजच्यात मिसळलेलं, सगळं कळायचं. पुराच्या वर्षी शिरोळकडून सडक्या वैरणीच्या वासाचं दूध यायला लागलं, तेव्हा कुठल्या गावात पाणी उतरलंय आणि कुठल्या गावात अजून नाही, हे केरबा झाकणावरून सांगायचा म्हणे. आता यातलं थोडं लोकांनी वाढवलेलं असणार. पण वरच्या मजल्यावर नळ्या घेऊन बसलेल्या साहेबांचा रिपोर्ट दोन तासांनी खाली यायचा आणि केरबा पहाटे बोललेला असायचा तेच त्यात लिहिलेलं असायचं, हे मात्र खरं.

शंका आली तर तो घोटभर तोंडात घ्यायचा, जिभेवरून फिरवायचा आणि गटारीत थुंकायचा. गिळायचं नाही. या नाकाची त्यानं पैलवान शरीराची ठेवतो तशी बडदास्त ठेवली. तंबाखू नाही, कच्चा कांदा नाही, वासाचं तेल नाही. दारूचा तर प्रश्नच नव्हता. त्याची झळ सगळ्यात जास्त कुणाला लागली असेल तर त्याच्या बायकोला, झुंबरबाईला. लग्न होऊन आली तेव्हा तिला मोगऱ्याचं वेड. केरबानं पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं की घरात वासाचं फूल नको. तेव्हापासून तिनं अबोलीचा गजरा घातला, कारण अबोलीला वास नसतो. एकतीस वर्षं अबोली. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर माहेरी निघून गेली असती.

आणि माहेरचंही यानं काही ठेवलं नव्हतं. झुंबरबाईचा भाऊ बाळासो शिरोळ तालुक्यात एका संस्थेचा सचिव. एका पहाटे त्याच्या संस्थेचे अकरा कॅन आले आणि केरबानं अकराही बाजूला काढले. बाळासो डॉकवरच हात जोडून म्हणाला, "दाजी, घरातला माणूस हाय की मी." केरबा म्हणाला, "घरी ये, जेवाय घालतो. दूध माघारी ने." झुंबरबाई दीड महिना त्याच्याशी बोलली नाही. त्यानं जिवाला त्रास करून घेतला, पण शब्द काही मागं घेतला नाही. त्याचा शब्द मागं घेतलेला डॉकवर कुणी पाहिला नव्हता आणि घरात तर त्याहून नव्हता.

डॉकवरच्या शब्दांत एक शब्द फार वाईट होता, तो म्हणजे 'हलकं'. बाहेर हलकं म्हणजे वजनाला कमी, नाहीतर दर्जाला कमी. डॉकवर त्याला एकच अर्थ. दूध हलकं आहे म्हणजे त्यात पाणी घातलंय. कुणी केरबाच्या कानाशी येऊन हळूच "जरा हलकं हाय, सांभाळून घ्या" म्हणालं की तो कबुलीजबाब समजायचा आणि झाकण न उचलताच कॅन बाजूला.

केरबा निवृत्त झाला, डॉकवर मशीन आलं. मशीनबद्दल तो वाईट बोलत नाही. "त्येला पगार लागत न्हाय आन मेव्हणा बी नसतोय," एवढंच म्हणतो.

त्याला एकच मुलगी, स्वप्नाली. नाक तिनं बापाचं घेतलं होतं. आठ वर्षांची असताना शेजारच्या घरात जेवायला बसली आणि "काकू, पीठ कालचं मळलंय व्हय?" म्हणाली, तेव्हाच झुंबरबाईनं कपाळाला हात लावला होता. पोरगी फूड टेक्नॉलॉजी शिकली, मग नाशिकला वाइनचा कोर्स केला आणि तिथून थेट हिमाचलात नोकरीला गेली. सहा हजार फुटांवर, देवदारांच्या रानात, एका मालकानं द्राक्षं लावली होती आणि त्यांची वाइन करायला त्याला माणूस हवं होतं.

आणि इथं केरबा घसरला. दुधाबद्दल आयुष्यात खोटं न बोललेल्या माणसानं गल्लीत सांगून ठेवलं की पोरगी फळांच्या रसाच्या कारखान्यात आहे. द्राक्ष हे फळ आहे, हे धरलं तर अर्धं खरं. गल्लीला पूर्ण खरं ठाऊक होतं आणि गल्ली त्याच्या तोंडावर रसाचीच चौकशी करायची. स्वप्नालीच्या कानावर हे गेलं होतं. ती त्यावर कधी बोलली नाही. पाच वर्षांत तिनं केलेलं काही बापानं चाखलं नव्हतं, आणि तिनंही कधी आणलं नव्हतं.

त्या डिसेंबरात ती न कळवता आली. पाठीवर एक पिशवी आणि तिच्यात टॉवेलात गुंडाळलेल्या दोन बाटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तिनं त्यातली एक बाहेरच्या सोप्यात आणून ठेवली. शेजारचे गणपतराव पेपर मागायला आलेले. हे निवृत्त शिक्षक, आणि बाटली दिसल्यावर पेपर घेऊन लगेच उठून जाण्यातले नव्हेत. आत झुंबरबाई मटणाचा मसाला भाजत होती. खोबऱ्याचा आणि तिळाचा वास घरभर घुमत होता.

"काय हाय हे?" केरबानं विचारलं.

"माझी वाइन, आबा. समदी माझ्या हातची. द्राक्षं तोडण्यापास्नं."

कोल्हापूरच्या पोरी 'मी आले, मी गेले' म्हणत नाहीत, सरळ 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. हिमाचलात पाच वर्षं काढून स्वप्नालीचं ते गेलं नव्हतं. ती पुढं म्हणाली, "मालकाचं म्हणणं, रंग फिका पडलाय. लोक घ्यायचे न्हाईत, हिच्यात दुसरी गडद वाइन मिसळूया म्हणाला. मी न्हाय म्हणालो. त्यावरनं बिनसलंय आमचं. तुम्ही एकदा बघा."

मिसळणं हा शब्द ऐकून केरबाच्या कपाळाला आठी पडली. मनातून त्याला बरं वाटलं. पोरगी मालकाशी भांडते आहे आणि बापाचा शब्द घ्यायला इथवर आली आहे, असा त्यानं अर्थ लावला. त्याच्याकडं शब्द घ्यायला अर्धा जिल्हा यायचा, पोरगी आली तर नवल काय? तो मांडी घालून ताठ बसला.

तिनं काचेच्या दोन ग्लासात थोडी-थोडी ओतली आणि आईसाठी फुलपात्रात बोटभर घालून आत देऊन आली. लाल रंग होता, पण कसा, तर पाणी भरलेल्या बादलीत चुकून कुंकवाची बोटं बुडाली असावीत तसा. केरबानं ग्लास उजेडाकडं धरला. ग्लासातून पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचता येत होती.

गणपतरावांनी एका घोटात ग्लास रिकामा केला. "अगं पोरी, रेड वाइन म्हंजे कशी, दाट, काळीजांभळी. पुण्याला मुलाकडं घेतलीय की मी. हे तर कोकम सरबत झालं."

"ही हलकी असती काका," स्वप्नाली म्हणाली. "लाइट रेड म्हणत्यात. गारठ्यातलं द्राक्ष हाय, साल पातळ असती त्येची. हलकीच व्हती ती."

'हलकी' हा शब्द केरबाच्या कानात पडला आणि एकतीस वर्षांची सवय जागी झाली. झाकण उचलायचीही गरज नव्हती. त्यानं ग्लास खाली ठेवला.

"पाणी घातलंय," तो म्हणाला.

"आबा..."

"तूच म्हणालीस की हलकी हाय. मग मला कशापायी इचारतीस? मालकाचं बराबर हाय तुझ्या." आणि तो उठला, परसात गेला, न्हाणीच्या कडेला कर्दळ लावलेली होती तिच्या बुडाशी त्यानं तो ग्लास ओतला आणि विसळून पालथा घातला. गणपतरावांना एवढं अवघड झालं की पेपर न घेताच ते घरी गेले.

स्वप्नाली बापासारखी तोंडाळ पोरगी, भाजीवाल्यापासून तलाठ्यापर्यंत कुणाचं ऐकून न घेणारी. पण तिनं बाटलीला बूच लावलं आणि पुसलेली फरशी पुन्हा पुसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. नाव बघून तिनं तो कानाला लावला आणि मागच्या दारानं परसात जाऊन आंब्याखाली उभी राहिली.

केरबा आत आला. मालकाचा फोन असणार, तो मनाशी म्हणाला. बरं झालं, एकदाचं मिटेल. त्याला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं आणि वाटत नव्हतं, हे त्याच्या लक्षात येत होतं.

झुंबरबाई हातात उलथनं घेऊन दारात उभी होती.

"अवो, हुंगलं का तुम्ही?"

"काय?"

"हुंगलं का, म्हणतो मी. बाळासोचं दूध माघारी धाडलंसा, तवा हुंगून तर धाडलं हुतं. पोरीचं डोळ्यानंच बघून मोकळं झालासा व्हय?"

केरबानं हुंगलं नव्हतं. डॉकवर एखाद्या नव्या पोरानं कॅनमध्ये डोकावून दूध फिकं आहे म्हटलं असतं, तर यानं त्याला आईबापावरनं शिव्या घातल्या असत्या. रंगावर जाणारा माणूस डॉकवर एक दिवस टिकला नसता. आणि स्वतः त्यानं रंगावर जाऊन, एका शब्दावर जाऊन, पोटच्या पोरीला चोर ठरवलं होतं.

"तुझी कुठं हाय?" त्यानं विचारलं.

झुंबरबाईनं ओट्याकडं बोट केलं. तिला ती प्यावी की न प्यावी कळेना, म्हणून माशी बसू नये एवढ्यासाठी फुलपात्रावर वाटी पालथी घालून ठेवली होती.

"गॅस बंद कर."

"मसाला अर्धा भाजलाय!"

"कर बंद. आन त्यो परातीनं झाक."

त्यानं खिडकी उघडली, न्हाणीवर जाऊन नुसत्या पाण्यानं हात धुतले, नाक शिंकरलं, आणि फुलपात्र तसंच झाकलेलं घेऊन माळवदाच्या पायरीवर जाऊन बसला. तळ्यावरून गार वारं येत होतं. घरातला वास नाकातून जाईपर्यंत तो थांबला. मग त्यानं वाटी उचलली, उलटी केली आणि नाकाशी नेली.

पहिल्या श्वासात करवंद आलं. पिकून काळं झालेलं नव्हे, अर्धं लाल झालेलं, चीक सुटणारं. त्याच्या मागं गुलकंदासाठी सावलीत वाळत घातलेल्या पाकळ्यांचा वास, साखर पडायच्या आधीचा. आणि सगळ्याच्या खाली ओल्या दगडाचा, कड्यावरून पाणी झिरपतं तिथल्या दगडाचा. वास बारीक होता, पण उभा होता. पाणी घातलेल्या वस्तूचा वास उभा राहत नाही, पहिल्यांदा तोच बसतो. केरबानं वाटी पुन्हा फुलपात्रावर ठेवली, शंभर मोजले, पुन्हा उचलली. तेच, तसंच.

आणि त्याला गगनबावड्याचं दूध आठवलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरच्या एका छोट्या संस्थेचे तीन कॅन रोज यायचे. डोंगर चढून-उतरून चरणाऱ्या लहान चणीच्या गायी, त्यांचं दूध पातळ, कडेला निळसर दिसणारं. वरचे साहेब नवीन आले होते, ते म्हणाले पाणी आहे, बंद करा. केरबा म्हणाला, "पातळ हाय साहेब, पाणी न्हाय." शिरोळच्या म्हशीचं दूध बघितलेल्या डोळ्यांना ते पटेना. तीन दिवस वाद चालला. शेवटी साहेब स्वतः जीपनं वर गेले, समोर बसून गायी पिळून घेतल्या आणि तसंच निळसर पातळ दूध बघून खाली आले. त्या दुधाच्या झाकणाला असाच गारव्याचा वास असायचा. धुक्यात वाढलेल्या गवताचा. केरबानं त्या तीन कॅनसाठी साहेबांशी वैर घेतलं होतं. परक्या गायींसाठी घेतलं होतं, आणि आज स्वतःच्या पोरीसाठी त्याला झाकण उचलायचं सुचलं नव्हतं.

त्यानं घोट घेतला. आयुष्यात पहिल्यांदा दारू तोंडात गेली होती, पण ते त्याच्या मनातही आलं नाही. डॉकवरच्यासारखी त्यानं ती जिभेवरून पुढं-मागं फिरवली. पाणी घातलेली वस्तू मध्यावर तुटते, आधी चव लागते, मग नुसती ओल, मग पुन्हा उगाच काहीतरी. ही तुटली नाही. आंबटपणा पुढं, मग करवंद, मग जिभेच्या कडांना किंचित तुरट, आणि संपली. अंगानं सडपातळ, पण आतून अख्खी. त्यानं ती कडेला थुंकली आणि तसाच बसून राहिला.

केरबाला लाज वाटली. अशी लाज त्याला याआधी कधी वाटली नव्हती, कारण याआधी तो चुकलाच नव्हता, निदान त्याला तसं वाटत होतं. आणि लाजेच्या पाठोपाठ भीती आली. पोरगी फोनवर होती. बापानं मालकाचं बरोबर म्हटलं होतं. या क्षणी ती आंब्याखाली उभी राहून मालकाला हो म्हणत असेल, मिसळा म्हणत असेल, आणि एकदा मिसळलेलं जगातला कुठलाही केरबा वेगळं करून देऊ शकत नाही.

तो पायऱ्या धडाधडा उतरला. पायात काही नाही, हातात फुलपात्र, वाटी कुठं पडली ठाऊक नाही.

"थांब!" तो परसातून ओरडला. डॉकवर ट्रकच्या आवाजाच्या वर जाणारा आवाज तो, चार घरं दणाणली. "स्वप्ने! मिसळू नको म्हणावं त्येला! पाणी न्हाय त्यात! माझ्या पोरीच्या वाइनमधी पाण्याचा थेंब न्हाय म्हणावं! माझं चुकलं!"

भिंतीपलीकडं गणपतरावांच्या खुर्चीचा करकर आवाज झाला. फळांच्या रसाचा कारखाना त्या एका आरोळीत जमीनदोस्त झाला होता, आणि केरबाला त्याचं काहीच वाटलं नाही.

स्वप्नालीनं फोनवर हात ठेवला. ती त्याच्याकडं बघतच राहिली.

"आबा, मालक न्हाय ह्यो. खोलीवरची मैत्रीण हाय माझी. गादी आन पेटी कुठल्या ट्रान्सपोर्टनं धाडू, इचारतीया."

"गादी?" केरबा म्हणाला. "गादी कशाला धाडतीया?"

तिनं मैत्रिणीला नंतर बोलतो म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. "नोकरी सोडली की मी. पंधरा दिवस झालं. न्हाय म्हणालो म्हटलं न्हवं का सकाळी? न्हाय म्हणालो, आन आलो निघून."

"आन वाइन?"

"मिसळली त्येनं. समदी. मी निघायच्या आदल्या दिवशी ह्या दोन बाटल्या भरून घेतल्या, तेवढ्याच न मिसळलेल्या. बाकी आता कुठं न्हाय ती."

केरबानं हातातल्या फुलपात्रात बघितलं, मग न्हाणीच्या कडेच्या कर्दळीकडं बघितलं. जगात दोन बाटल्या असलेल्या वस्तूचा एक ग्लास त्यानं झाडाला घातला होता. तो आंब्याच्या पारावर बसला.

"मग मला कशाला इचारलंस?" तो म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "तुझं तू ठरवलं हुतंस की. माझ्या शब्दानं काय हुनार हुतं?"

"इचारलं न्हाय आबा." ती त्याच्या शेजारी बसली. सकाळपासून धरून ठेवलेलं पाणी आता तिच्या डोळ्यांत आलं, पण आवाज बापासारखाच ठणठणीत राहिला. "शब्द नको हुता मला. समद्या जिल्ह्याचं दूध चाखलं तुम्ही. कुणाकुणाचं चाखलं. माझ्या हातचं एकदा तरी चाखावं, एवढंच हुतं. रसाच्या कारखान्यात हाय म्हणून सांगत हिंडलासा, मी काय बोललो न्हाय. वाटलं, एकदा चाखलं की कळंल तुम्हास्नी, पोरगी काय करती ती."

झुंबरबाई मागच्या दारात येऊन उभी राहिली होती आणि पदरानं तोंड पुसत होती. मसाला भाजायचा तसाच पडला होता.

"चुकलं माझं," केरबा पुन्हा म्हणाला, या वेळी हळू. "आत्ताचंबी, आन रसाचंबी."

"ऱ्हाऊ दे. कशी हाय ते सांगा की."

आता हा प्रश्न त्याच्या धंद्यातला होता. तो ताठ बसला. उरलेला घोट त्यानं तोंडात घेतला, डोळे मिटले, फिरवला, कर्दळीच्या उलट्या बाजूला वळून थुंकला. स्वप्नाली त्याच्या तोंडाकडं बघत होती. डॉकवर रांगेत उभी राहणारी संस्थांची माणसं त्याच्याकडं कशी बघायची, ते त्याला आज पहिल्यांदाच नीट दिसलं.

"चोख हाय," तो म्हणाला. "वास उभा ऱ्हातोय. मधी कुठं तुटत न्हाय. रंगाला हसतील ती हसू देत, त्येंनी दूधच कुठं वळखलंय कधी."

तिनं श्वास सोडला. पण केरबा थांबला नव्हता. पोटची पोर आहे म्हणून अर्धं सांगायचं, हे त्याला जमलं असतं तर बाळासोच्या दुधापायी झुंबरबाईनं दीड महिना अबोला धरला नसता.

"पर मागं लौकर सरती. आंबटपणा पुढं पळतोय आन ग्वाडी त्येला गाठत न्हाय. द्राक्ष घाईनं तोडलंस तू. चार दिस आधी."

हे स्वप्नालीनं मालकालाही सांगितलं नव्हतं, वहीतही नीट लिहिलं नव्हतं. सप्टेंबरात डोंगरावर गारांचे ढग दिसायला लागले होते, आणि रात्रभर जागून पहाटे तिनंच बायका बोलावून तोडणी करून टाकली होती. गारा पडल्याच नव्हत्या.

"पाच दिस," ती म्हणाली. "गारा पडतील म्हणून भ्यालो, आबा."

केरबानं मान हलवली. पोरीला नोकरी नव्हती, बाग नव्हती, मालक नव्हता. गादी आणि पेटी कुठल्यातरी ट्रान्सपोर्टच्या गोदामात पडायच्या होत्या आणि पुढच्या महिन्यात ती कुठं असेल हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. त्यानं रिकामं फुलपात्र तिच्या हातात दिलं.

"पुढल्या वर्षी भिऊ नको," तो म्हणाला.